दत्तारामच्या गिरणीत हरभरा शेवटी

दत्ताराम पेडणेकर मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो एका केमिकल इंजिनियरला हाकलत होता.

हे १९९४ सालातलं. आम्ही आखातातल्या रुवैसला नुकतेच आलो होतो. आमचे हे रिफायनरीत नोकरीला लागले होते आणि मी कॉलनीतल्या शाळेत इतिहास शिकवायला. कोणीतरी सांगितलं, बाजाराच्या मागच्या गल्लीत टायरच्या दुकानाला लागून एका मराठी माणसाने पिठाची गिरणी टाकली आहे. तोवर रुवैसमधल्या बायका पीठ थेट अबुधाबीहून आणायच्या, नाहीतर सुट्टीहून परतताना साड्या काढून बॅगेत पीठ भरायच्या. मी गव्हाचा डबा घेऊन निघाले. गिरणीच्या दारात आमच्या वरच्या मजल्यावरचे केमिकल इंजिनियर सदानंद चणाडाळीचा डबा छातीशी धरून उभे होते आणि त्यांच्यासमोर डोक्यापासून चपलांपर्यंत पांढरा झालेला एक माणूस दार अडवून उभा होता. भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं पीठ.

"अहो, मी शटर उघडायच्या आधीपासून उभा आहे," सदानंद म्हणत होते.

"होय साहेब. तुम्ही पहिले आहात. डाळ शेवटची आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही आत येऊन पहिल्या खुर्चीवर बसा. डाळ बाहेर ठेवा."

एवढं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई, काय आणलंय?"

"गहू."

"या. नंबर आलाच."

दत्तारामच्या गिरणीत माणसाचा नंबर नसायचा, धान्याचा असायचा. सकाळी दगड पुसून झाले की आधी उपवासाचं दळण, म्हणजे वरी आणि राजगिरा. मग तांदूळ, मग ज्वारी, मग गहू. बाजरीने पीठ काळपट होतं म्हणून ती गव्हानंतर. भाजणीचा वास मागे राहतो म्हणून ती त्याहूनही नंतर. हरभऱ्याची डाळ पिवळी आणि चिकट, ती सगळ्यांच्या शेवटी. मसाला मात्र नाहीच. आधीच्या दळणाचं थोडं पीठ दगडात राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं, हे प्रत्येक मराठी बाईला ठाऊक असतं. गिरणीत पाऊल टाकताच ती विचारते, "माझ्या आधी काय दळलं?" दत्तारामने या एका प्रश्नावर आख्खी राज्यघटना उभी केली होती.

तिचे परिणाम गमतीचे होत. रिफायनरीच्या कँपमधला वेल्डर मूठभर तांदूळ घेऊन उशिरा यायचा आणि मॅनेजर लोकांच्या डब्यांवरून उडी मारून पुढे जायचा. काही चतुर बायका डाळीच्या डब्यावर गव्हाचा थर पसरून आणायच्या. दत्ताराम डब्यात कोपरापर्यंत हात घालायचा, खालून एक डाळ काढायचा आणि सगळ्यांना दिसेल अशी दोन बोटांत वर धरायचा. ती बाई पुढचे काही महिने पाकिटातलं बेसन वापरायची.

सदानंद त्या दिवशी शेवटपर्यंत बसले. परतताना मला म्हणाले, "आमच्याकडेही टाक्यांचा क्रम असाच असतो, बाई. फक्त तिथे मला कोणी बाहेर काढत नाही."

दत्तारामचा पूर्वेतिहास मला कळला तो सदानंद आणि अनुपमा यांच्या मुलीमुळे. अवनी सातवीत माझ्या वर्गात होती. इतिहासाच्या पुस्तकात अमेरिकेतल्या जुन्या वसाहतींवर एक धडा होता. कोणी एक जण जहाजातून उतरतो, जंगल तोडतो, ओढ्याला बांध घालून पिठाची गिरणी उभारतो, मग गिरणीभोवती गाव वसतं. मुलं जांभया देत होती. मी प्रोजेक्ट दिला: आपल्या गावात असा लवकर येऊन राहिलेला माणूस शोधा आणि त्याच्या आयुष्याचा माग काढा. बहुतेकांनी आपापल्या बाबांवर लिहून मोकळं केलं. अवनीने दत्ताराम निवडला, कारण पुस्तकात गिरणी होती आणि आमच्याकडेही गिरणी होती. दुभाषी म्हणून मला नेलं. तिचं मराठी आणि दत्तारामचं इंग्रजी साधारण एकाच योग्यतेचं होतं.

"अंकल, व्हाय डिड यू सेटल हिअर?"

मी मराठीत सांगितलं. दत्ताराम विचारात पडला. "सेटल खंय? कंपनीचं काम संपलं. बाकीचे विमानात बसले. मी त्या दिवशी तापाने पडलो होतो."

"वॉज देअर अ रिव्हर फॉर द मिल?"

दत्तारामने दाराबाहेर बघितलं. बाहेर वाळू होती आणि तिच्यापलीकडेही वाळूच होती. "सांगा तिला, थ्री फेज कनेक्शन आहे."

"डिड यू क्लिअर द फॉरेस्ट?"

"एक झाड होतं. ते म्युनिसिपालिटीचं. त्याला हात लावला नाही म्हणावं."

"वेअर द नेटिव्ह्ज हॉस्टाइल?"

हे मी जरा सौम्य करून विचारलं, की इथले लोक कसे वागले. दत्ताराम म्हणाला, "बरे वागले. गाडी वाळूत रुतली तेव्हा धक्का दिला."

अवनीने सगळं उतरवून घेतलं. प्रश्नांच्या अधूनमधून मला जे कळलं ते असं. गाव कुडाळजवळचं. वडील दुसऱ्याच्या भातगिरणीवर राबलेले, म्हणून घरर्र असा आवाज कानात नसला की दत्तारामला झोप यायची नाही. ऐंशीच्या दशकात रिफायनरी बांधायला हेल्पर म्हणून तो आला. काम संपल्यावर टायरवाल्या लियाकतकडे राहिला, पंक्चरं काढली, आणि एके दिवशी मुंबईहून बोटीने गिरणीचे दोन दगड मागवले. बंदरावरच्या साहेबाला ते भोकाचे दगड कशाचे हे समजेना. दत्तारामला तेव्हा अरबी येत नव्हतं. तो खाली बसला आणि आधी स्वतः दगड झाला, गोल गोल फिरला, मग स्वतःच गहू होऊन भरडला गेला. साहेबाने धावत जाऊन पाणी आणलं, वारा घातला आणि आजारी माणसाला जास्त छळू नये म्हणून दगड सोडून दिले.

खरं तर तो भात खाणारा माणूस. पोळी त्याला आवडायची नाही. "पीठ दिवसभर नाकातून जातंच की," म्हणायचा, "आणि तोंडातून कशाला?"

त्याची बायको ठकुबाई गावाला असायची. सासूचं दुखणं, मग मुलीचं लग्न, यात तिचं येणं पुढे पुढे जात राहिलं. गिरणीत भिंतीला एक फोन होता, त्यावर शुक्रवारी तिचा फोन यायचा. दत्ताराम गिरणी बंद न करता बोलायचा, त्यामुळे ते संभाषण आम्हा सगळ्यांना ऐकावं लागायचं.

"अगो, मोठ्यान बोल! काय? म्हस व्यायली? कोणाची?"

२००२ साली सासू नव्हती, मुलगी सासरी रुळली होती, आणि ठकुबाईने एकदाची मान डोलावली. दिवाळीनंतर ती येणार होती. येणार, पण एका सहीवर. गिरणीचा परवाना, तिथल्या रीतीप्रमाणे, खल्फान नावाच्या स्थानिक तरुणाच्या नावावर होता. त्याने दर वर्षी सही केली की गिरणी चालू राहायची, गिरणी चालू राहिली की दत्तारामचा व्हिसा, आणि या वर्षी त्यालाच जोडून ठकुबाईचा. सही राहिली तर तिचं येणं सोडाच, दत्तारामलाच कुडाळची वाट धरावी लागली असती. एरवी खल्फान लिवाकडच्या आपल्या खजुराच्या बागेतून गाडी घेऊन यायचा, दारातून हात हलवायचा, गाडीच्या बॉनेटवर सही करायचा आणि जायचा. गिरणीत आत त्याने कधी पाय ठेवला नव्हता.

त्या वर्षी दिवाळी संपते ना संपते तोच रमझान लागणार होता. एकाच आठवड्यात आमच्या चकल्यांची भाजणी आणि त्यांची रमझानची तयारी. गिरणीत डब्यांची रांग दारापर्यंत आली होती. अनुपमाचा, माझा, झाकणावर तेलरंगाने नावं घातलेले सगळ्यांचे. आणि नेमक्या त्या दुपारी खल्फान दोन पोती घेऊन आत आला.

"दत्ताराम, हबीबी! ये मां का बेझार. रमादान का. उधर का मशीन खराब. अभी करो, यल्ला."

बेझार म्हणजे त्यांचा घरगुती मसाला. धने, जिरं, मिरी, दालचिनी, हळद, सुक्या मिरच्या. पोत्याचं तोंड सुटलं मात्र, दारातल्या तीन बायकांना शिंका आल्या. आमचे सगळ्यांचे डोळे आधी पोत्यावर गेले, मग डब्यांवर, मग दत्तारामवर. त्या दगडांतून एकदा बेझार गेला असता तर रुवैसमधल्या चकल्यांनाच काय, पुढे श्रावणातल्या वरीच्या भाकरीलाही दालचिनीचा वास आला असता.

दत्ताराम ना खल्फानला नाही म्हणू शकत होता, ना मसाल्याला हो. त्याने तिसरंच केलं. त्याने बटण बंद केलं.

"अरबाब," मालकाला म्हणतात तसं तो म्हणाला, "मशीन खराब."

"अभी चलता था!"

"अभीच खराब हुआ."

खल्फान स्वभावाने उपकारी. "मुश्किल नहीं," म्हणून तो बाहेर गेला आणि शेजारच्या लियाकतला घेऊन आला. लियाकतला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने पट्टा बघितला, मोटर बघितली, दगडांच्या आत टॉर्च मारला. दत्ताराम त्याच्याकडे भुवया उडवून, डोळे मिचकावून, ओठ चावून बघत होता. लियाकतला वाटलं, पीठ डोळ्यांत गेलं असेल.

"लियाकत भाई, बहुत खराब है ना?" दत्ताराम रडवेल्या आवाजात म्हणाला.

"कुछ भी नहीं है जी," लियाकत म्हणाला आणि बटण दाबलं. घरर्र. "लो, ठीक हो गया।"

खल्फानने त्याची पाठ थोपटली. इंजिनियर, इंजिनियर, म्हणाला. लियाकत खूष होऊन निघून गेला. आता काही उरलं नव्हतं. दत्तारामने हात जोडले आणि हिंदी, अरबी, मालवणी अशा तिन्ही भाषांत सांगून टाकलं की इथे धान्याचा नंबर असतो आणि मसाल्याला नंबर नाही.

खल्फान हसायचा थांबला. "पेपर पे नाम किसका?"

"आपका, अरबाब."

"तो मेरा मशीन में मेरा नंबर नहीं?"

दत्तारामने खाली बघून मान हलवली. नाही.

"खलास," खल्फान म्हणाला. "कल मां को लेके आता. तुम मां को बोलो. उसके बाद सही देखेगा." पोती तिथेच टाकून तो गेला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सुटल्याचा भाव होता. आपल्याला जे जमत नाही ते दुसरा माणूस करून बघणार, असा.

खल्फानची आई, उम्म खल्फान, आम्ही कधी पाहिली नव्हती, पण तिच्याविषयी ऐकून होतो. तिच्यासमोर रस्त्यात उंटसुद्धा बाजूला होतो, असं लियाकत सांगायचा.

मग गिरणीत आम्हा बायकांची सभा भरली. अनुपमा म्हणाली, "बिचाऱ्याची बायको यायची आहे. मसाला दळून टाका म्हणावं. आपण जरा सोसू."

"अगदी बरोबर," सगळ्या म्हणाल्या.

"मग मसाल्यानंतर पहिला डबा कोणाचा लावायचा?" दत्तारामने विचारलं.

अनुपमा म्हणाली की तिचा असता, पण तिचे सासरे यायचे आहेत. दुसरीच्या मुलाला दालचिनीची ॲलर्जी निघाली, ती त्याच मिनिटाला. कोणीतरी म्हणालं, बाईंचा लावा, बाई समजूतदार आहेत. मी समजूतदार होते, पण माझी भाजणी मी रात्रभर जागून भाजलेली होती. मी म्हटलं, "उद्या बघू."

दत्ताराम आमच्याकडे टकमक बघत राहिला. मग त्याने भिंतीवरचा फोन उचलला आणि गावी लावला. "अगो, तुझी पिशवी भरलंस? ... भरतंस तर भर. पण दोरी नको बांधू. ... असाच सांगतंय."

दुसऱ्या दिवशी एवढी गर्दी होती की कँपमधले लोकसुद्धा रजा टाकून आले की काय असं वाटावं. उम्म खल्फान गाडीतून उतरल्या. ठेंगण्या, काळ्या अबायात, चेहऱ्यावर जुन्या बायका घालतात तो सोनेरी चकाकीचा बुरका, हातात काठी. आत आल्या, कोणाशी न बोलता डब्यांच्या रांगेजवळ गेल्या आणि काठीच्या टोकाने पहिलं झाकण उडवलं. वाकून वास घेतला. दुसरं झाकण. तिसरं. माझी भाजणी त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली, चघळली आणि माझ्याकडे बघितलं. ते कौतुक होतं की काय, हे बुरक्यामुळे मला आजवर कळलेलं नाही.

मग त्या एका रिकाम्या डब्यावर बसल्या आणि अरबीत दत्तारामला काहीतरी विचारलं.

"मां पूछती, पहले क्या?" खल्फानने सांगितलं.

"उपवास का. फिर चावल," दत्ताराम म्हणाला.

"फिर?"

"ज्वारी. गेहूँ. बाजरी. फिर ये भुना हुआ आटा. फिर चना."

"बेझार?"

दत्तारामने डोळे मिटले. "बेझार नहीं, अम्मा."

उम्म खल्फान बोलायला लागल्या. बराच वेळ बोलल्या. हातवारे करून, दगडांकडे, पोत्याकडे, मुलाकडे बोट दाखवून. शेवटी थांबल्या.

खल्फान म्हणाला, "मां बोलती है, ठीक है."

काठी त्याच्या दंडावर बसली. त्याने पुन्हा, पूर्ण भाषांतर केलं. मां म्हणते, मी मुलगी होते तेव्हा आमच्या घरात हाताने फिरवायचं जातं होतं. रमझानात मांस घालून शिजवतात त्या हरीसचा गहू भरडायच्या आधी मी एकदा त्यात मिरी कुटली होती. माझ्या आईने मला जात्याभोवती पळवलं होतं. आणि या गाढवाने, "गाढव मैं," खल्फानने खुलासा केला, गव्हाच्या गिरणीत मसाला आधी घालायला सांगितलं? रमझानचा हरीस मग कोणाच्या घरी खायचा?

आणि गाडीतून त्यांनी गव्हाचं एक पोतं उतरवायला लावलं. हरीससाठीचा तो गहूही त्या घेऊन आल्या होत्या. "गहू," दत्ताराम लगेच म्हणाला, जणू त्याला जिव्हाळ्याचा विषय मिळाला, "ज्वारीच्या नंतर. या अम्मा, नंबर आलाच."

आता वाटेल की भांडण मिटलं. मिटलं नाही, नुसतं जागेवरून हललं. बाजरी गव्हाच्या आधी की नंतर, यावरून त्या दोघांची अशी जुंपली की खल्फानने भाषांतर करायचंच सोडलं. दोघांना त्याची गरजही नव्हती. एक मालवणीत ओरडत होता, दुसरी अरबीत, आणि दोघं एकमेकांच्या नाकासमोर बाजरी धरत होते. शेवटी बाजरी नंतर ठरली. पण त्याबदल्यात उम्म खल्फाननी एक नवा नियम घातला. डाळीनंतर, सगळ्यांत शेवटी, बेझार दळायचा. त्यानंतर शेळ्यांसाठी गाडीत आणलेला जव दळायचा, म्हणजे दगडातला सगळा मसाला जवात उतरेल. शेळ्या तक्रार करत नाहीत. दगड पुसून सकाळी पुन्हा वरी.

दत्तारामने दगडावरून बोट फिरवून बघितलं. मग म्हणाला, "जव... हो. जव चालेल." मान्य करताना त्याला दात उपटून घेतल्यासारखं झालं.

सगळी रांग संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. खल्फानला त्यांनी झाकणं लावायच्या कामाला लावलं. बेझार दळताना रुवैसच्या त्या गल्लीतली यच्चयावत माणसं शिंकत होती, टायरच्या दुकानातलं गिऱ्हाईक टायर टाकून पळालं. जव दळून झाला तेव्हा खल्फान पांढरा, पिवळा आणि तांबूस अशा थरांत उभा होता. त्याच अवस्थेत त्याने पिठाच्या पिंपावर कागद ठेवून सही केली. कागदावर चार बोटंही उमटली. त्यामुळे कचेरीतून कागद परत आला आणि खल्फानला हात धुऊन पुन्हा सही करायला यावं लागलं. त्या आठवड्यात दत्तारामने तीन किलो वजन घालवलं असावं.

पुढे लियाकतकडून कळलं की लिवाच्या शेळ्यांनी तो जव आवडीने खाल्ला आणि काही दिवस त्यांच्या दुधाचा चहा मसाला न घालताच मसाल्याचा लागायचा. खल्फानच्या घरी पाहुणे वाढले.

ठकुबाई डिसेंबरात आली. आम्ही पाच-सहा जणी तिला बघायला गिरणीत गेलो होतो. उंच, सावळी, नाकात मोठी चमकी, आणि नवऱ्यासारखंच दारात उभं राहून बोलायची सवय. तिने पिशवी उघडली. आत नाचणीचं आणि तांदळाचं पीठ होतं, कुडाळहून दळून आणलेलं.

दत्ताराम बघतच राहिला. "अगो, गिरणीवाल्याच्या घरी पीठ घेवन इलंस?"

"तुझ्या दगडात आधी काय दळलास, माका काय ठाऊक?" ठकुबाई म्हणाली.

पुढच्या रमझानला उम्म खल्फान आल्या तेव्हा बाजरीचा वाद पुन्हा निघाला. ठकुबाई त्यांच्या बाजूने बोलली. दत्ताराम एकटा पडला. बाजरी त्या वर्षापासून गव्हाच्या आधी गेली, आणि आमच्या पोळ्या जरा काळ्या झाल्या.

मी निवृत्त होऊन पुण्याला आले. अवनीला तेव्हाच्या प्रोजेक्टला मी दहापैकी नऊ दिले होते. एक मार्क कापला, कारण तिने लिहिलं होतं की वसाहतकाराने तापामुळे नवा प्रदेश शोधला. आता वाटतं, तोही द्यायला हवा होता.

दत्ताराम आणि ठकुबाई सध्या कुडाळला असतात. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. तिथेही नंबर ठरलेला आहे: सकाळचा चहा आणि नाश्ता आधी, तो करतो, आणि ठकुबाई शेवटी, आठनंतर उठते.